छोटी गाडी पारखायची कशी: नागपूरच्या नवख्या संग्राहकांसाठी

पहिल्या तीन महिन्यांत मी ४३ मॉडेल गाड्या, म्हणजे खऱ्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती, घेतल्या. त्यातल्या आज माझ्याकडे ९ उरल्या आहेत. बाकीच्या भाच्यांकडे गेल्या, शेजारच्या पोट्ट्यांकडे गेल्या, एक तर कूलरचा पंप बदलायला आलेल्या भाऊंच्या मुलाकडे गेली. गाड्या वाईट होत्या असं नाही. मला त्या बघताच येत नव्हत्या. लाल रंग चमकला की घे, दार उघडतं म्हटलं की घे, कोणी म्हणालं 'संपत आली' की दोन घे.

पुढे एक वही घातली. घेतलेली प्रत्येक गाडी मोजायची आणि वहीत लिहायची. वही सुरू झाल्यावर खरेदी आपोआप कमी झाली, कारण दुकानात उभं असतानाच डोक्यात प्रश्न यायला लागले. खाली जे लिहिलं आहे ते त्या वहीतून आलेलं आहे. नागपूरच्या उन्हात, नागपूरच्या धुळीत आणि नोकरदाराच्या पगारात बसेल एवढंच सांगतो.

१. आधी माप ठरवा, मग बर्डीला जा

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेताना माप कोणी विचारत नाही. बैल घराच्या ऐपतीएवढा असतो. मॉडेल गाडीचं मात्र सगळं गणित एका आकड्यावर चालतं. १:१८ म्हणजे खऱ्या गाडीतले १८ मिलिमीटर मॉडेलमध्ये १ मिलिमीटर होतात.

अँबॅसडर खरी ४,३२५ मिलिमीटर लांब. १:१८ मध्ये ती सुमारे २४० मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ वीत-सव्वावीत. १:४३ मध्ये ती साधारण १०१ आणि १:६४ मध्ये ६८ मिलिमीटर. टाटा नॅनो खरी ३,०९९ मिलिमीटर, म्हणून १:६४ मध्ये ती ४८ च्या आसपास भरायला हवी. या दोन गाड्या कपाटात शेजारी ठेवल्या आणि सारख्याच लांबीच्या दिसल्या, तर त्यातली एक तरी मापाची नाही.

इथेच नवख्यांची पहिली फसगत होते. हॉटव्हील्ससारख्या स्वस्त गाड्यांना सगळे सरसकट '१:६४' म्हणतात. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच गाड्या पाकिटात बसतील अशा बेताने केलेल्या असतात. ट्रक आणि छोटी हॅचबॅक एकाच लांबीच्या येतात. जमवणारे याला 'बॉक्स स्केल' म्हणतात. त्या गाड्या जमवू नका असं मी म्हणत नाही, मजा त्यातही आहे. फक्त तिथे कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन बसू नका.

मापं कोणाला कोणती?

१:६४: खिशाला आणि कपाटाला परवडणारी. साधी गाडी दीडशे-दोनशेच्या आसपास येते. मिनी जीटी, टारमॅक वर्क्स, इनो६४ यांच्या मापशीर गाड्या हजार-दीड हजारांच्या घरात जातात.

१:४३: माझं आवडतं माप. याचा उगम रेल्वेत आहे. ब्रिटनमधल्या 'ओ गेज' मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेत (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. त्या रुळांशेजारी शोभतील अशा गाड्या हव्या होत्या, त्यातून १९३४ पासून डिंकी टॉइज हे नाव रूढ झालं आणि १:४३ घट्ट बसलं. (कडबी चौकातल्या नॅरोगेज संग्रहालयात रेल्वे बघायला गेलात की 'गेज' म्हणजे काय ते डोळ्यांनी कळतं. मुलांना घेऊन जा.)

१:१८: दारं, बॉनेट, डिकी उघडणारी, स्टिअरिंगने चाकं वळणारी. माइस्तो आणि बुरागो काही हजारांत मिळतात. ऑटोआर्ट, सीएमसी, ऑलमोस्ट रिअल यांच्या किमती ऐकून घरी भांडण होऊ शकतं. जागाही खूप लागते. साध्या दीड फूट रुंद कप्प्यात दोन गाड्या आडव्या बसत नाहीत.

पहिलं वर्षभर एकच माप धरा आणि एकच विषयही. माझा विषय 'लहानपणी नागपूरच्या रस्त्यावर पाहिलेल्या गाड्या'. हिवाळी अधिवेशनात रवी भवनासमोर पांढऱ्या अँबॅसडरची रांग लागायची, ती बघायला आम्ही सायकलवर जायचो. विषय असा असला की 'नाही' म्हणणं सोपं जातं. कितीही सुंदर लाल इटालियन गाडी समोर आली तरी ती लक्ष्मीनगरात कधी दिसली नव्हती, एवढं कारण पुरतं.

या विषयाला लागून एक युक्ती सांगतो, मला ती कळायला दोन वर्षं गेली. भारतीय गाड्यांची चांगली मॉडेलं थोडीच आहेत, पण त्यांची विलायती भावंडं बरीच मिळतात. अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका. प्रीमियर पद्मिनी म्हणजे फियाट ११००. मारुती ८०० शोधायची तर सुझुकी आल्टो किंवा फ्रॉन्टे या नावाने शोधा. जाळी, दिवे, स्टिअरिंगची बाजू यात फरक निघेल, तो वहीत लिहा.

२. जवळ असावं असं सामान

डिजिटल व्हर्निअर कॅलिपर, १५० मिलिमीटरचा. इतवारीच्या लोहाओळीत मिळतो. जबड्यांना आतून कागदी टेप लावून घ्या, नाहीतर रंगावर ओरखडा उठतो. माझ्या पहिल्या बीटलच्या बंपरवर तो आजही आहे.

दहापट दाखवणारं सोनाराचं भिंग. डोळ्याला लावायचं, छोटं. महागाचं नको.

मेकअपचा नवा मऊ ब्रश आणि चष्म्याचं कापड.

छोटी बॅटरी. मोबाइलचीही चालते, पण हातात धरता येईल अशी वेगळी बरी पडते.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. घरच्यांना विचारून घ्या.

लाकडी टूथपिक, पांढरं चार्टपेपर, बटरपेपर आणि वही.

चुंबक घेऊ नका. 'चुंबक चिकटलं नाही, म्हणजे धातूची नाही' असं सांगणारे भेटतील. डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या गाडीचा धातू म्हणजे झॅमॅक, जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित तांबं-मॅग्नेशियम. त्याला चुंबक चिकटतच नाही. चिकटलंच तर आतल्या लोखंडी आसाला चिकटेल आणि तुम्ही भलत्याच निष्कर्षावर जाल. गालाला लावून गार लागते का ते बघा, हातात वजन घ्या, तेवढं पुरे.

३. नागपुरात शोधायचं कुठे

बर्डीवरची खेळण्यांची दुकानं, मॉलमधली मोठी खेळण्यांची दालनं, धरमपेठ-सदरकडची पुस्तकं-भेटवस्तूंची दुकानं, इतवारी-गांधीबागेतले घाऊक व्यापारी आणि सुपरमार्केटातलं खेळण्यांचं शेल्फ. १:६४ च्या साध्या गाड्या यातल्या कुठेही मिळतात. चांगली १:४३ किंवा १:१८ मात्र बहुधा ऑनलाइन किंवा दुसऱ्या संग्राहकाकडूनच येते.

माल येतो त्या दिवशी सकाळी दारात काही मंडळी हजर असतात. खोकं फुटायच्या आत दुर्मीळ गाड्या उचलून संध्याकाळी तिप्पट भावात विकतात. यांना स्कॅल्पर म्हणतात. यांच्यावर रागावण्यात वेळ घालवू नका. दुकानदाराशी नीट ओळख करा, गर्दी नसताना जा, एकदा काढलेलं पाकीट व्यवस्थित जागेवर लावून ठेवा. दुकानात काम करणारा पोऱ्या हे सगळं बघत असतो. माझ्यासाठी दोनदा गाडी बाजूला ठेवली गेली, ती फक्त याच कारणाने.

किमतीचं पक्कं लक्षात ठेवा: आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी यांचा स्टिकर असायला हवा. दुकानदाराने एमआरपीपेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे. 'भाऊ, ही रेअर आहे' हे त्यावरचं उत्तर होत नाही. वाद वाढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. नुसता उच्चारला तरी भाव उतरतो, असा माझा अनुभव आहे.

जुन्या मालात रस असेल तर घरच्या माळ्यावर आधी चढा. १९६० च्या दशकाच्या शेवटी कलकत्त्यात निकी टॉइज नावाने डिंकीच्याच जुन्या साच्यांतून गाड्या निघत. पुढे लिओच्या छापाच्या भारतात बनलेल्या हॉटव्हील्स आल्या. चाळिशी-पन्नाशीतल्या काकांच्या पेटीत यातलं काहीतरी रंग उडालेल्या अवस्थेत सापडतं. सापडलं तर रंगवू नका, घासू नका, आहे तसंच ठेवा.

४. दुकानातली दोन मिनिटं

पाकीट बंद असतं, तरी बरंच दिसतं. मी या क्रमाने बघतो.

आधी चारही चाकं जमिनीला टेकतात का? एक चाक हवेत असेल तर आस वाकलेला आहे.

मग गाडी नाकासमोर धरून समोरून. दोन्ही हेडलाइट एकाच उंचीवर आहेत का, काच मधोमध बसली आहे का.

मग बाजूने. छपाईची रेघ दारावरून मागच्या चाकावरच्या पत्र्यावर जाताना तुटते का. ही छपाई रबरी गादीने ठसा मारून करतात, तिला टॅम्पो म्हणतात. ठसा अर्धा मिलिमीटर सरकला की दाराच्या कडेला रेघ पायरी चढते.

शेवटी रंगाखाली कुसळ किंवा धूळ अडकली आहे का.

एकाच गाडीची पाच पाकिटं टांगलेली असली तर पाचही बघा. एकाच खोक्यातल्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

नकली मालाबद्दल: महागड्या १:६४ च्या नकला बाजारात फिरतात. एका रविवारी मी हौसेने अशी एक उचलली. घरी भिंगाखाली धरली तर तळावरची अक्षरं पावसात भिजल्यासारखी पसरलेली. खोक्याचा रंग फिका, रिव्हेट तिरके, टायर बोटाला तेलकट. तेव्हापासून तळ वाचल्याशिवाय पैसे देत नाही. अस्सल गाडीच्या तळावरचं उठावाचं अक्षर कितीही छोटं असलं तरी भिंगाखाली सुटं दिसतं.

हॉटव्हील्सवाल्यांसाठी एक ओळ. सुपर ट्रेझर हंट, म्हणजे नेहमीच्या मालात मिसळलेली दुर्मीळ गाडी, ओळखायची तर चकचकीत अर्धपारदर्शक रंग, रबरी टायर आणि अंगावर कुठेतरी 'टीएच' ही अक्षरं बघा. त्यासाठी पाकीट वाकवून, गाडीवरचं पारदर्शक प्लॅस्टिक दाबून बघणाऱ्यांपैकी होऊ नका.

५. बाहेरून मागवायची तर आधी हिशेब

हा टप्पा लोक वगळतात आणि मग कुरिअरवाला दारात उभा राहिला की घाम फुटतो.

'हे खेळणं नाही, मोठ्यांसाठीचं मॉडेल आहे' हा युक्तिवाद सीमाशुल्कात चालत नाही. खेळण्यांचा जो ९५०३ क्रमांकाचा शुल्कगट आहे, त्याच्या वर्णनातच लहान प्रमाणातली मॉडेलं लिहिलेली आहेत. या गटाचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर बघून घ्या.

शुल्क फक्त गाडीच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतं. समजा गाडी ८,००० ची, वाहतूक २,५००. झाले १०,५००. त्यावर ७० टक्के म्हणजे ७,३५०. एकूण १७,८५०, आणि यावर जीएसटी व कुरिअरचं हाताळणी शुल्क वेगळं. आठ हजारांची गाडी वीस हजारांच्या आसपास घरी येते. इथल्या विक्रेत्याचा भाव ऐकून 'लुटतो बाप्पा' म्हणण्याआधी हा हिशेब एकदा करून बघा. कधी कधी तोच स्वस्त निघतो.

लागणारी कागदपत्रं:

आधार आणि पॅनची प्रत, केवायसीसाठी. पॅकेजवरचं नाव आणि कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा.

विक्रेत्याचं बिल, त्यावर खरी किंमत.

पैसे भरल्याचा पुरावा.

पत्त्याचा पुरावा, आधारवर जुना पत्ता असेल तर.

विक्रेता आपुलकीने म्हणेल, 'बिलावर कमी किंमत लिहितो' किंवा 'गिफ्ट लिहितो.' दोन्हीला नाही म्हणा. कमी किंमत दाखवणं गुन्हा आहे, आणि पोस्टा-कुरिअरने 'भेट' म्हणून वस्तू सोडवून घ्यायची वाट डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने बंद केली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढाच अपवाद ठेवला. छोटी मोटार दोन्हींत मोडत नाही, बायकोला कितीही पटवलं तरी.

आगाऊ नोंदणीचा प्रकारही आहे. थोडे पैसे भरून न बनलेली गाडी राखून ठेवायची. गाडी येता येता वर्षही निघून जातं. एका वेळी दोनपेक्षा जास्त नोंदण्या करू नका, नाहीतर सगळ्याच एकाच महिन्यात येतात आणि तो महिना नेमका दिवाळीचा असतो.

६. खोकं उघडताना

व्हिडिओ सुरू करा, मगच कात्री उचला. पत्त्याच्या लेबलपासून गाडी हातात येईपर्यंत एकच सलग चित्रण हवं. मध्ये थांबवलं की विक्रेता ते मानत नाही. माझ्या एका १:१८ चा आरसा तुटून आला होता, मी टेप कापून झाल्यावर चित्रण सुरू केलं होतं, पैसे गेले.

थर्माकोलमधून गाडी कधीही आरशाला, वायपरला किंवा बंपरला धरून काढू नका. खोकं उलटं करून अलगद तळव्यावर घ्या. दारात प्लॅस्टिकचे पातळ तुकडे अडकवलेले असतात, ते आधी काढा. दार नखाने उघडू नका, टूथपिक वापरा. तळाचे स्क्रू, बांधणीच्या तारा, थर्माकोल सगळं जपून ठेवा. उद्या विकायची झाली तर खोक्याविना किंमत पडते.

७. परीक्षण: आधी मोजा

हा भाग मोठा आहे, कारण खरी गंमत इथेच आहे.

परीक्षण लिहायला बसाल तेव्हा समोर खोकं नको, खऱ्या गाडीची माहिती हवी. नेमकी कोणती गाडी, कोणत्या वर्षाची, कोणती आवृत्ती? अँबॅसडर १९५८ ते २०१४ निघाली. मार्क १, २, ३, ४, मग नोव्हा. वरवर तीच गाडी, पण जाळी आणि इंडिकेटर बदलत गेले. खोक्यावर १९६० लिहून आत मार्क ४ ची जाळी दिली असेल, तर रंग कितीही छान असो, ती चूक आहे.

मग कॅलिपर. पहिलं माप लांबीचं नाही, दोन चाकांमधल्या अंतराचं घ्या, म्हणजे व्हीलबेसचं. बंपर बदलले की लांबी बदलते, व्हीलबेस बदलत नाही. फोक्सवॅगन बीटलचा व्हीलबेस २,४०० मिलिमीटर. १:१८ मध्ये तो १३३.३, १:४३ मध्ये ५५.८ आणि १:६४ मध्ये ३७.५ यायला हवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत तीनदा मोजा, सरासरी घ्या. एक टक्क्याच्या आत फरक असेल तर मी सोडून देतो. १:१८ वर एक मिलिमीटर चुकला तर खऱ्या गाडीत १८ मिलिमीटर होतात, बोटाची जाडी. १:६४ वर तोच एक मिलिमीटर ६४ होतो, चार बोटं.

चाकांचं माप लोक विसरतात आणि बहुतेक मॉडेलं तिथेच फसतात. खऱ्या टायरवरच्या आकड्यांवरून ते काढता येतं. मारुती ८०० चा टायर १४५/७० आर१२. रिम १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. टायरची उंची १४५ च्या ७० टक्के, म्हणजे १०१.५. ती वर आणि खाली, म्हणून २०३. एकूण व्यास साधारण ५०८ मिलिमीटर. १:१८ मध्ये २८.२ यायला हवा. मॉडेलमध्ये ३१ निघाला की समजा, बिचारी मारुती जीपच्या चाकांवर उभी आहे.

पुढची गोष्ट कॅलिपरने मोजता येत नाही. गाडी कशी 'बसली' आहे, ती. इंग्रजीत जमवणारे स्टान्स म्हणतात. मला ती बाबांनी शिकवली, आणि त्यांना मॉडेलचं काही कळत नाही. ते सक्करदऱ्याच्या एका गॅरेजात तीस वर्षं होते. मी कौतुकाने नवी अँबॅसडर दाखवली. त्यांनी टेबलावर हनुवटी टेकवून बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "याचे पाटे काहून इतके ताठ आहेत? ही तर कारखान्यातून निघाल्यावर कधी माणसं घेऊन गेलीच नाही." खरंच, मागचा भाग वर उचललेला होता. अँबॅसडरला मागे पाट्याच्या स्प्रिंगा. थोडी मागे बसलेली अँबॅसडर आम्ही आयुष्यभर पाहिली होती, आणि मला ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक गाडी मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवूनच बघतो. चाक आणि कमानीमधली फट पुढे-मागे किती आहे, टायर कमानीच्या आत बुडालेत का बाहेर आलेत, नाक खाली की वर.

फटी. दार आणि अंगाच्या मधली फट मोजायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) असेल तर उत्तम, नाहीतर कागदाच्या पट्ट्या सरकवून अंदाज घ्या. १:१८ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या गाडीत ९ मिलिमीटर. आजच्या चांगल्या गाडीत ती ४-५ असते. १:६४ मध्ये ०.३ ची फट म्हणजे १९ मिलिमीटर, दारातून बोट जाईल. म्हणून छोट्या मापात उघडणारी दारं मला आवडत नाहीत. उघडतात खरी, पण बंद असतानाही उघडीच दिसतात. रेझिनच्या बंद गाड्या, जशा स्पार्कच्या १:४३ मध्ये येतात, त्या याच कारणाने रेखीव दिसतात. ऑटोआर्टने धातूऐवजी कंपोझिटचं अंग वापरायला घेतलं तेव्हा 'प्लॅस्टिक दिलं' म्हणून ओरड झाली. फटी मात्र बारीक झाल्या. वजन हवं की रेघ हवी, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी रेघेच्या बाजूचा.

दिव्यांत भिंगाने बघा. हेडलाइटच्या काचेच्या मधोमध काळा ठिपका दिसतो का? काच बसवायची खुंटी असते ती. गाडीला मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. चांगल्या मॉडेलमध्ये खुंटी कडेला लपवतात.

रंगात दोन गोष्टी. एक, संत्र्याच्या सालीसारखे खळगे आहेत का (ही उपमा नागपूरकराला समजावून सांगायला नको). दोन, धातूच्या चमकीचे कण. खऱ्या गाडीच्या रंगातला कण तसाच मॉडेलवर मारला तर त्या मापात तो दगडाएवढा दिसतो. चमकी मोठी दिसली की सगळी गाडी खेळणं वाटते, आणि का वाटते ते पटकन कळत नाही. कारण बहुधा हेच असतं.

बाकीचं झटपट: काचा किती जाड, वायपर कोरलेले की वेगळे, डायलवरचे आकडे वाचता येतात का, ब्रेकची चकती चाकाबरोबर फिरते आणि तिला दाबणारा ब्रेकचा चिमटा जागेवर राहतो का, दाराचा बिजागर लपलेला की कुत्र्याच्या पायासारखा वाकडा बाहेर येतो, तळाला नुसता काळा पत्रा की सायलेन्सरची नळी वेगळी.

आता लिहा. पहिल्या ओळीत गाडीचं नाव, माप, घेतल्याची तारीख, दिलेली किंमत आणि पैसे कोणी दिले ते. फुकट मिळालेली असेल तर तेही तिथेच. मग मोजमापं. मग चुका, मोठी आधी. मग आवडलेलं. शेवटी एकाच प्रश्नाचं उत्तर: ही हरवली तर परत घेईन का? तारे देऊ नका. 'पाचपैकी चार' वाचून कोणालाच काही कळत नाही. दोनशे रुपयांच्या गाडीला वीस हजारांच्या गाडीच्या तराजूत तोलू नका, हेही आलंच. पण दोनशेची आहे म्हणून तिचं उलटं बसलेलं चाक माफही करू नका.

८. फोटो

मोबाइल गाडीच्या तोंडाशी नेला की बॉनेट फुगतं आणि मागचा भाग आटतो. दोन-तीन फूट मागे सरका आणि दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरा. पांढरं चार्टपेपर भिंतीपासून टेबलापर्यंत वळणदार सोडा, खिडकीवर बटरपेपर लावा, झाला स्टुडिओ.

कॅमेऱ्याची उंचीही मापात हवी. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून १,६०० मिलिमीटरवर धरला, तर १:१८ साठी लेन्स टेबलापासून ८९ मिलिमीटरवर हवी, १:४३ साठी ३७ वर आणि १:६४ साठी फक्त २५ वर. मोबाइल उलटा धरला की लेन्स खाली येते आणि हे जमतं. एकदा करून बघा, तीच गाडी एकदम रस्त्यावर उभी राहते.

गच्चीवर काढायचे तर डिसेंबरच्या सकाळी काढा. मे महिन्यात गच्चीवर गाडी ठेवली तर उचलताना बोटं भाजतात आणि चिकटवलेला आरसा सुटतो.

९. कूलर, ऊन आणि मृग

मुंबई-पुण्याच्या मंडळींचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. आपलं संकट वेगळं आहे: पारा ४५ च्या वर, आणि त्याच खोलीत ओली हवा फेकणारा कूलर. माझं पहिलं कपाट कूलरच्या झोतासमोर होतं. जूनपर्यंत पाकिटांची पुठ्ठ्याची कार्डं पापडासारखी वळली, दोन खोक्यांना बुरशी आली आणि काचेवर खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके बसले.

कपाट कूलरच्या झोतात नको आणि पश्चिमेच्या भिंतीलाही नको, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. सरळ ऊन आलं की पारदर्शक प्लॅस्टिक पिवळं पडतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, मार्चमध्ये नव्या घाला.

टायर प्लॅस्टिकच्या तळाला चिकटतात, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. मऊ टायरमधलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि खालच्या प्लॅस्टिकला विरघळवतं. उन्हाळ्यात हे लवकर होतं. चाकांखाली बटरपेपरचे तुकडे ठेवा, किंवा तळाखाली छोटा ठोकळा देऊन चाकं किंचित उचलून ठेवा.

धूळ ब्रशने झाडायची, कापडाने पुसायची नाही. कापडाखालची धूळ रंगावर ओरखडे काढते. पेट्रोल, थिनर, कोलीन काहीही नको.

मृग लागला की एक दिवस काढून सगळ्या गाड्या बाहेर घ्या, भिंगाखाली फिरवा, टायर दहा-पंधरा अंश फिरवून ठेवा. जुनी डायकास्ट असेल तर रंगाखाली फोड, बारीक तडे किंवा वाकलेला तळ दिसतो का ते बघा. जस्तात शिसं मिसळलं गेलेलं असेल तर धातू आतून पोखरत जातो, त्याला झिंक पेस्ट म्हणतात (इंग्रजी 'pest', म्हणजे कीड). उष्णता आणि ओल त्याला घाई करते. हा रोग शेजारच्या गाडीला लागत नाही, पण त्यावर उपायही नाही. तडे दिसले तर गाडी सपाट खोक्यात ठेवा आणि मापं, फोटो त्याच दिवशी घेऊन टाका.